जखम दिसत नाही तेव्हा

महाराष्ट्रातल्या महामार्गांवरून जाताना 'ट्रॉमा केअर सेंटर' ही पाटी आपण सगळ्यांनीच वाचलेली आहे. अपघात झाला, हाडं मोडली, रक्त वाहिलं की तिथे न्यायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आपल्या डोक्यात बसलेला असतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'जखम' असाच आहे. इथे न्यू जर्सीत आल्यावर मात्र हा शब्द मला भलत्याच ठिकाणी भेटायला लागला. मुलांच्या शाळेच्या पत्रकात, डॉक्टरांच्या फॉर्मवर, वाचनालयातल्या व्याख्यानाच्या जाहिरातीत. सगळीकडे एकच शब्दप्रयोग : 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर'. मराठीत मी त्याला 'आघाताचं भान ठेवून केलेली शुश्रूषा' म्हणते. लांबलचक आहे, पण अर्थ पोचतो.

मानसशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. मी मराठीची एम.ए. काही वर्षं पुण्यात शाळेत शिकवलं आणि आता नवरा, दोन मुलं आणि सासूबाई असा संसार सांभाळते. पण गेल्या दोन वर्षांत या विषयाशी आमच्या घराची चांगलीच गाठ पडली. त्या निमित्ताने जे वाचलं, विचारलं, डोळ्यांनी पाहिलं, ते मंडळाच्या अंकात मांडावं असं वाटलं. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील इथे येऊन-जाऊन असतात, काहींचे कायमचे आले आहेत. त्यांच्याबरोबर सामानाच्या बॅगांखेरीज आणखीही बरंच काही येत असतं.

एक आधीच सांगते. सासूबाईंबद्दल इथे जे लिहिलं आहे, ते त्यांना वाचून दाखवलं आहे. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. बाकीच्याला "लिही, कुणाच्या तरी कामाला येईल" म्हणाल्या.

ही कल्पना आली कुठून?

मनावरच्या आघाताला वैद्यकशास्त्रात नाव मिळायला फार उशीर झाला. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांना रात्री झोप येत नसे, साधा आवाज झाला तरी ते दचकत, घरच्यांवर धावून जात. त्यांचा आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांचा रेटा होता म्हणून १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत 'पीटीएसडी' हा आजार घातला. पुढे १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' हे पुस्तक लिहिलं. रणांगणावरून आलेला सैनिक आणि घराच्या चार भिंतींत मार खाणारी बाई यांच्या मनाची अवस्था किती सारखी असते, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं.

दुसरा धागा कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा. तिथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी कैझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत लठ्ठपणावरचा एक कार्यक्रम चालवत होते. त्यांना एक कोडं पडलं. ज्यांचं वजन छान उतरत होतं, तेच लोक मध्येच कार्यक्रम सोडून जात होते. डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं. काहींना आपलं जाड शरीर हेच संरक्षण वाटत होतं. डॉक्टर ज्याला आजार समजत होते, तो त्या माणसाने स्वतःपुरता शोधलेला उपाय होता.

यातून फेलिट्टी आणि सरकारी रोगनियंत्रण केंद्राचे डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. लहानपणी मारहाण, अत्याचार, हेळसांड, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड यांतलं काय काय सोसलं, असे प्रश्न होते. पहिले निष्कर्ष १९९८ साली छापून आले. जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी किमान एक तरी अनुभव सांगितला. ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या ४ ते १२ पट निघाला. हृदयविकारासारखे शरीराचे आजारही वाढलेले दिसले. पाहणीतले लोक बहुतेक गोरे, शिकलेले, नोकरदार, विमा असलेले होते, हे विशेष. 'असल्या गोष्टी आपल्यात होत नाहीत' असं म्हणणाऱ्या कुठल्याही समाजाने याचा विचार करावा. आता, असे आकडे समाजाबद्दल सांगतात. एखाद्या माणसाची पत्रिका त्यांवरून मांडता येत नाही. बरंच सोसूनही धडधाकट राहिलेली माणसं आपण पाहतोच.

मग २००१ साली मॅक्सिन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला. आघातावर उपचार करणारे तज्ज्ञ असतील ते असोत; पण दवाखान्यातल्या स्वागतकक्षापासून तपासणीच्या टेबलापर्यंत सगळी व्यवस्थाच आघाताचं भान ठेवून का चालवू नये? समोरच्याने काय सोसलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. मग प्रत्येकाशीच सांभाळून का वागू नये? या विचारात सगळ्यात गाजलेला बदल एका प्रश्नाचा आहे. आपल्या मराठीत तो फार नेमका उतरतो. "तुला झालंय तरी काय?" हे आपण वैतागून म्हणतो, त्यात ठपका असतो. "तुझ्यावर काय गुदरलं?" यात विचारपूस असते.

आमच्या घरातली गोष्ट

सासूबाई लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या. किल्लारीपासून जवळच त्यांचं गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. त्या भागातली घरं जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचा जड माळवद असलेली. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली.

माझे यजमान तेव्हा नऊ वर्षांचे, आजोळी होते. सासरे शेतावर राखणीला गेले होते. घरात सासूबाई होत्या आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी. सासूबाईंना दुपारी बाहेर काढलं.

हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, तेही एका नातेवाइकाकडून, ओझरतं. घरात त्या मुलीचा फोटो नाही. तिचं नाव कुणी काढत नाही. सासूबाई कामसू, हसऱ्या, देवधर्म करणाऱ्या. फक्त काही सवयी होत्या. झोपायच्या खोलीचं दार कधी लावायचं नाही. उशाशी चपला आणि टॉर्च. पहाटे साडेतीनलाच उठून बसायचं. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही. घरचे म्हणत, स्वभाव आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. पहिल्या ठिकाणी गेलो. कपडे बदलायला लावले, गळ्यातली तुळशीची माळ काढायला सांगितली, टेबलावर झोपवलं आणि काही कळायच्या आत टेबल आत सरकलं. सासूबाई ओरडल्या. बाहेर काढलं तेव्हा घामाने निथळत होत्या, थरथरत होत्या आणि कुणालाही अंगाला हात लावू देत नव्हत्या. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, पुढचे पेशंट खोळंबलेत, पाच मिनिटांत ठरवा. अहवालात लिहून आलं : 'पेशंटने नकार दिला.' गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "मला त्या भुयारात नका घालू." त्या रात्री त्या खुर्चीवर, अंगणाकडच्या दाराशी बसून राहिल्या. पुढचे कित्येक दिवस तसंच.

याला इंग्रजीत 'रीट्रॉमटायझेशन' म्हणतात. जुनी जखम पुन्हा उसवणं. मेंदूचं काम इथे समजून घेण्यासारखं आहे. 'अमिग्डला' नावाचा मेंदूतला एक छोटासा भाग धोक्याची घंटा वाजवतो. विचार करणारा पुढचा भाग आणि घटनेला काळ-वेळ जोडणारा 'हिप्पोकॅम्पस' तिला लगाम घालतात : 'हे तेव्हाचं होतं, आत्ताचं नाही.' भयंकर प्रसंगात ही नोंद नीट होतच नाही. धूळ, अंधार, छातीवरचं ओझं, दगडांचा आवाज असे सुटे तुकडे राहतात. तीस वर्षांनी अरुंद जागेत पाठीवर झोपवून कानाशी ठकठक सुरू झाली की घंटा वाजते आणि शरीर थेट त्या पहाटेत जाऊन पोचतं. तिथे "घाबरू नका, काही होत नाही" या वाक्याचा काही उपयोग होत नाही.

बदललं काय?

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तो 'नकार दिला' शेरा वाचला आणि सासूबाईंना बोलावलं. आधीच्या भेटींत यजमान दुभाष्याचं काम करत. "पूर्वी काही मोठा मानसिक धक्का?" या प्रश्नाला त्यांनीच "नाही" असं उत्तर दिलं होतं. मुद्दाम लपवलं नव्हतं. ज्या घरात एखादा विषय कधी निघालाच नाही, तिथे मुलाच्या तोंडून दुसरं काय येणार? आणि मुलासमोर आई तरी काय बोलणार? या वेळी डॉक्टरांनी फोनवरून मराठी दुभाषी बाई जोडून घेतल्या आणि आम्हा दोघांना नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं.

दुभाष्याची ही सोय म्हणजे मेहेरबानी नव्हे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांनी इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाष्या दिला पाहिजे, असा इथे कायदा आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० चा आरोग्यसेवा कायदा त्याचा आधार आहेत. शाळकरी नातवंडांना दुभाषी म्हणून पुढे करू नये, तातडीचा प्रसंग सोडून, हेही नियमांतच आहे.

डॉक्टरांनी त्यांना समुपदेशक बाईंकडे पाठवलं. पहिल्या भेटीत त्या बाईंनी भूकंपाचं नावही काढलं नाही. खुर्ची कुठली हवी ते विचारलं. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. दार उघडं हवं की बंद ते विचारलं. भेट किती वेळ चालेल, काय विचारणार, वहीत काय लिहिणार, कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणत्या परिस्थितीत कायद्याने सांगावीच लागेल, हे सगळं आधी सांगितलं. "नको वाटेल तिथे हात वर करा, आपण थांबू" असंही सांगितलं.

अमेरिकन सरकारच्या 'सॅम्सा' या संस्थेने २०१४ मध्ये अशा शुश्रूषेची सहा तत्त्वं सांगितली. सुरक्षितता; विश्वास आणि पारदर्शकता; समदुःखींची सोबत; बरोबरीने काम; रुग्णाचा आवाज आणि निवड; संस्कृती, इतिहास आणि लिंगभाव यांचं भान. कागदावर ती सरकारी भाषेत आहेत. सासूबाईंच्या बाबतीत त्यांचा अर्थ दाराजवळची खुर्ची, परका पण मराठी आवाज आणि हात वर करायची मुभा असा झाला.

समदुःखींची सोबत म्हणजे काय, हे तर मराठवाड्याला इथल्या पुस्तकांच्या आधीपासून ठाऊक आहे. भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने बायकांच्या गटांना घरबांधणीच्या कामात उतरवलं. पुढे २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना भेटायला, आपला अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या. सासूबाई त्यांत नव्हत्या. पण हे वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांना सांगावं लागलं नसंल, नुसतं बघूनच कळलं असंल."

संस्कृतीच्या भानाचं उदाहरण मला फार आवडतं. घाबरल्यावर मन वर्तमानात आणायला इथे एक व्यायाम शिकवतात : दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, असं मोजायचं. सासूबाईंना ते परीक्षेसारखं वाटलं. बाईंनी विचारलं, घरी काय करताना तुमचं मन शांत असतं? त्या म्हणाल्या, "धान्य निवडताना." मग तोच व्यायाम ठरला. आता आमच्याकडे स्वच्छ, पाकीटबंद तांदूळसुद्धा ताटात घेऊन निवडले जातात.

चार महिन्यांनी एमआरआय झाला, दुसऱ्या केंद्रात, बाजूने उघड्या असलेल्या यंत्रावर. आदल्या आठवड्यात त्यांना यंत्र नुसतं दाखवलं. माळेत धातू नाही ना एवढं पाहून ती गळ्यात राहू दिली. हातात दाबायचा फुगा दिला. दाबला की बाहेर. प्रत्येक आवाजाआधी तो किती मिनिटं चालेल ते सांगितलं. धातूबद्दलचे प्रश्न विचारून मलाही आत बसू दिलं. त्यांनी एकदा फुगा दाबला. लगेच बाहेर काढलं, पाणी दिलं, दहा मिनिटांनी त्या स्वतःहून पुन्हा झोपल्या. एकूण पंचवीस मिनिटं जास्त गेली असतील.

काही गैरसमज

पहिला, अशी शुश्रूषा म्हणजे उपचार नव्हे. ती वागण्याची रीत आहे. आघातावरचे खास उपचार वेगळे असतात : फिलाडेल्फियातल्या एडना फोआ यांनी विकसित केलेली 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' पद्धत, किंवा फ्रॅन्सिन शापिरो यांची 'ईएमडीआर'. ते प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यायचे.

दुसरा, 'एकदा सगळं बोलून टाक, मोकळं वाटेल.' आपल्याकडे हा सल्ला प्रेमानेच दिला जातो. पण घटना घडल्या घडल्या ती प्रत्येकाकडून सविस्तर वदवून घेतल्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, असं संशोधनातून दिसल्यावर ती पद्धत मागे पडली. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची पुस्तिका आपत्तीत सापडलेल्यांसाठी तीनच गोष्टी सांगते : पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. बोलण्याची सक्ती त्यात नाही.

तिसरा, हे अमेरिकेचं खूळ आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षेऐवजी शुश्रूषा द्यायची, असंही तो कायदा सांगतो. 'काय गुदरलं?' हा प्रश्न तिथे कायद्यातच आला आहे.

आपल्यासाठी

कुणासाठी समुपदेशक शोधत असाल, तर पहिल्याच फोनवर विचारा : आघाताच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलं आहे का? पहिल्या भेटीत सगळं सांगावंच लागेल का? दुभाषी मिळेल का, आणि स्त्री हवी की पुरुष हे निवडता येईल का? तपासणीला जाताना दोन ओळींची चिठ्ठी नेली तरी पुरते : 'यांना बंद जागेचा त्रास होतो. हात लावण्याआधी सांगा.' कारण लिहायची गरज नाही.

अमेरिकेत मनःस्थिती बिकट झाली तर ९८८ या क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करता येतो, आणि दुभाष्यामार्फत इतर भाषांतही बोलता येतं. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं. हे दोन आकडे फ्रीजवर चिकटवून ठेवा.

सासूबाईंचा खांदा आता बराच मोकळा आहे. झोपेचं म्हणाल तर दार अजून उघडंच असतं आणि चपला-टॉर्चही उशाशी असतात. ते काढायची घाई कुणी करत नाही. लिफ्ट त्यांनी अजून टाळलेलीच आहे. पण यंदा अनंत चतुर्दशीला, विसर्जनाहून आल्यावर, त्यांनी यजमानांना जवळ बसवलं आणि त्यांच्या बहिणीचं नाव घेतलं. ती बोबडं काय बोलायची, तिला काय खायला आवडायचं, हे सांगितलं. मुलं ऐकत होती. धाकटीने विचारलं, "म्हणजे मला आत्या होती?"

या दिवाळीत भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी एक पाट जास्त मांडायचा, असं सासूबाईंनी ठरवलं आहे. करंज्यांचं पुरण भाजून झालं आहे, आणि तांदूळ निवडायला या वर्षी दोन्ही नातवंडं बसणार आहेत.